स्मृतिभ्रंश-संशोधनासाठी दौड : अर्धशक्तीचा विचार आणि आमचा संकल्प

येत्या जानेवारी महिन्यात होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये तासगावातील आम्ही सहा वैद्य सहभागी होत आहोत. पाच जण २१.०९७ किलोमीटरची अर्ध मॅरेथॉन धावतील. सहावे सहकारी ज्येष्ठ नागरिकांच्या दौडीत उतरतील. या निमित्ताने आप्तेष्ट, रुग्ण, व्यापारी व वैद्यबंधू यांच्याकडून जो निधी जमा होईल, तो स्मृतिभ्रंशावरील संशोधनासाठी द्यावयाचा आहे. ही वार्ता कळल्यापासून काही सुहृदांनी कौतुक केले, काहींनी थट्टा केली, आणि काहींनी गंभीर आक्षेप घेतले. कौतुकाबद्दल आभार मानतो. थट्टेला आमच्या वाढलेल्या पोटांकडे पाहता आधार आहे, हे मान्य करतो. आक्षेपांना मात्र उत्तर देणे हे कर्तव्य समजून हा लेखनप्रपंच करीत आहोत.

प्रथम, हा विषय आमच्या मनात कसा आला ते सांगणे आवश्यक आहे. ज्यांच्यापाशी बसून आमच्यापैकी तिघांनी चरकसंहितेचे सूत्रस्थान पुन्हा एकदा वाचले, ते आमचे वृद्ध वैद्य गेली चार वर्षे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. आरंभी औषधाच्या पुड्या बांधताना अनुपान दोनदा सांगणे, नेहमीच्या रुग्णाचे गाव विसरणे, इतकेच घडत असे. 'वय झाले' असे म्हणून घरच्यांनी ते सोडून दिले आणि, सांगावयास लाज वाटते, आम्हीही सोडून दिले. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या समाजात इतकी खोल रुजली आहे की वैद्यालाही ती निदानाच्या आड येते. पुढे एके दिवशी ते स्वतःच्या दवाखान्यातून घरी निघाले आणि भलत्याच आळीत एका ओट्यावर बसलेले सापडले. आज त्यांना श्लोकाचा आरंभ सांगितला तर उरलेला श्लोक ते स्वच्छ उच्चारात पूर्ण करतात. पण जी सून त्यांना रोज भरविते, तिला ते 'बाई, आपण कोणाच्या?' असे विचारतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित आठवतील. आमच्या गावी ते चित्र आम्ही प्रत्यक्ष पाहत आहोत.

धी, धृति आणि स्मृति यांचा विभ्रंश आचार्यांनी प्रज्ञापराधाच्या विवेचनात सांगितला आहे, आणि उतारवयातील वातप्राबल्यही सर्वांस विदित आहे. परंतु ज्यास आज डिमेन्शिया म्हणतात तो व्याधी एका संज्ञेत बसविण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. तो एकच रोग नसून लक्षणसमुच्चय आहे. त्यातील सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांत अल्झायमरचा विकार असतो; इतरांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार व अन्य कारणे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक या स्थितीत होते. आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की साठ व त्यापुढील वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. याच अभ्यासात शहरापेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण अधिक आढळले. तासगाव तालुक्यातील कोणत्याही वाडीवरील वैद्याने या आकड्यांकडे मुंबई-पुण्याचा विषय म्हणून पाहू नये.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप शास्त्राचा. एका ज्येष्ठ वैद्यबंधूंनी आम्हांस लिहिले की, 'अर्धशक्तीने व्यायाम करावा असे सांगणाऱ्या शास्त्राच्या उपासकांनी एकवीस किलोमीटर धावणे हा शास्त्रद्रोह होय.' आक्षेप वजनदार आहे. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येच्या अध्यायात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच, आणि इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करावा, असे सांगितले आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दि उत्पन्न होतात. व्यायाम, जागरण, मार्गक्रमण इत्यादींचे साहस करणारा मनुष्य हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, ही उपमाही तेथेच आहे. 'अध्व', म्हणजे लांबची वाटचाल, त्या यादीत नावानिशी आहे, हे आमच्या टीकाकारांच्या लक्षात आलेले दिसत नाही. आम्हीच ते त्यांना पुरवितो.

परंतु अर्धशक्ती म्हणजे काय? ती किलोमीटरांत मोजलेली नाही. कपाळ, नाक, काखा व सांधे यांच्या ठिकाणी घाम येणे, मुखशोष होणे, आणि हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागणे ही बलार्धाची लक्षणे सांगितली आहेत. आजचे प्रशिक्षक धावपटूस सांगतात की, शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने सरावाचे बहुतांश धावणे करावे. तोंडाने धापा टाकाव्या लागल्या की वेग अधिक झाला. दोन्ही उपदेशांतील साम्य आम्हांस रस्त्यावर धावतानाच उमगले, पोथीसमोर बसून उमगले नव्हते. बल हे स्थिर नसते, अभ्यासाने ते वाढते. जो आज दोन किलोमीटरांत मुखाने श्वास घेऊ लागतो, त्याचे बलार्ध दोन किलोमीटरांच्या अलीकडे आहे. सहा महिन्यांच्या क्रमाने वाढविलेल्या सरावानंतर तीच मर्यादा पुष्कळ पुढे सरकते.

तरीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, नावात 'अर्ध' असले म्हणून अर्ध मॅरेथॉन ही अर्धशक्ती ठरत नाही. शेवटचे पाच-सहा किलोमीटर बहुतेकांसाठी बलार्धाच्या पलीकडचेच असतात. म्हणून आमच्यातील सर्वांत तरुण सहकाऱ्याने मांडलेली ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनची सूचना आम्ही एकमताने फेटाळली. मधुमेह, उच्च रक्तदाब वा हृद्रोगाची शंका असणाऱ्यांनी तपासणीशिवाय धावू नये, असा नियम केला. त्या नियमाने आमच्यापैकी एकाचा वाढलेला रक्तदाब प्रथमच उघडकीस आला! दुसऱ्यांच्या नाड्या पाहणारे वैद्य स्वतःच्या बाबतीत किती गाफील असतात, याचे हे उदाहरण. ते सहकारी उपचार घेत आहेत व पूर्ववत सराव करीत आहेत.

ऋतूचा विचारही केला. साताऱ्याची प्रसिद्ध हिल हाफ मॅरेथॉन आम्हांस जवळची. यवतेश्वराचा घाट चढून-उतरून धावण्याच्या या स्पर्धेचे नाव २०१५ साली गिनीज बुकातही गेले. पण ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते. वर्षा व शरद हे काही व्यायामाचे ऋतू नव्हेत. जानेवारी म्हणजे शीतकाळ, अग्नी प्रदीप्त आणि बल उत्तम. म्हणून मुंबई. सरावाआधी तिळतेलाचा अभ्यंग, नंतर सुखकर मर्दन, आणि अजीर्ण असता त्या दिवशी विश्रांती, हा क्रम ठेवला आहे. पाण्याबाबत एक सूचना करावीशी वाटते. धावताना तहान नसतानाही पाणी पीत राहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीखाली गेलेले आढळले, आणि त्याचा संबंध अतिजलपानाशी होता. तृष्णेनुसार पाणी प्यावे, हेच उचित.

वयाचा प्रश्न आमचे एकसष्ट वर्षांचे सहकारी मोठ्या हिरिरीने लढले. वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. चरकाचार्य साठ वर्षांपर्यंत मध्यम वय मानतात, सुश्रुताचार्य सत्तर वर्षांपर्यंत. 'आम्ही या प्रकरणी सुश्रुतसंप्रदायी' असे जाहीर करून त्यांनी अर्ध मॅरेथॉनचा हट्ट धरला होता. अखेर त्यांच्या सौभाग्यवतींनी चरकाचा पक्ष घेतल्याने वाद मिटला, आणि ते ज्येष्ठ नागरिकांच्या दौडीस राजी झाले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आपल्या व्यवसायाच्या वर्मावर बोट ठेवतो. 'मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने चरकाचार्यांनी सांगून ठेवलेली असता वैद्यांनी संशोधनासाठी दारोदार पैसे कशाला मागावेत?' असे विचारण्यात आले.

यास उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. तासगावहून कवठे एकंदच्या रस्त्याने आम्ही पहाटे धावतो. ऑक्टोबर छाटणीनंतर दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांत औषध फवारणीचे ब्लोअर पहाटेच सुरू होतात. तो वारा अंगावर घेत दीर्घ श्वास घेणे योग्य नव्हे, म्हणून फवारणी दिसली की आम्ही मागे वळतो. असेच एकदा वळलो असता एका बागाईतदाराने ट्रॅक्टर थांबवून हाक दिली, "काय डॉक्टर, शुगर निघाली व्हय?" आम्ही हसून कारण सांगितले. विसरण्याच्या आजारावर संशोधन व्हावे म्हणून धावतो, पैसे गोळा करतो, असे म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या आई दोन वर्षांपासून रात्री उठून माहेरच्या वाटेला लागतात. माहेरी आता कोणीही उरलेले नाही. घराला आतून कुलूप लावून हे गृहस्थ दाराशी अंथरूण टाकतात. "डॉक्टर, ह्याला आपल्या आयुर्वेदात औषध असंल की?" असे त्यांनी विचारले.

आम्ही सहाही जण क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलो. प्रत्येकाच्या दवाखान्यात ब्राह्मीचे घृत आहे, शंखपुष्पीचे सिरप आहे. आम्ही ते देतो, क्वचित निद्रा सुधारते, चिडचिड कमी झाल्याचे नातलग सांगतात. पण 'या औषधाने तुमच्या आईची स्मृती परत येईल' असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? आम्ही त्यांना सांगितले की गेलेली स्मृती परत आणणारे औषध आज कोणत्याही पॅथीत नाही. अमेरिकेत २०२३ साली लेकानेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. आरंभीच्या अवस्थेत ती ऱ्हासाचा वेग काहीशी मंद करतात, ती महाग आहेत, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांत असल्याने वारंवार तपासण्या कराव्या लागतात. मग त्यांच्या आईस बोलावून घेतले. जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, थायरॉइडची मंदता, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, खिन्नता, चालू औषधांचे परिणाम, ही कारणे आढळली तर स्मृतीत सुधारणा होऊ शकते. ती वगळल्यावाचून मेध्य रसायन सुरू करणे हा वैद्याचा अपराध समजावा. त्या माउलीच्या तपासण्या झाल्या. सुधारता येण्याजोगे काही निघाले नाही.

मेध्य रसायनांविषयी आमची श्रद्धा या प्रसंगाने उणावली नाही. मात्र श्रद्धा आणि सिद्धी यांतील अंतर स्पष्ट झाले. ब्राह्मीवर, म्हणजे बाकोपा मोनिएरीवर, परदेशांत व भारतात चाचण्या झालेल्या आहेत. २००१ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेली, वारंवार उल्लेखिली जाणारी चाचणी ४६ निरोगी व्यक्तींवर बारा आठवडे केलेली होती. निरोगी माणसाचे पाठांतर किंचित सुधारणे आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला गुण येणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यातच कित्येक बाजारांत ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी व मंडूकपर्णी म्हणून ब्राह्मी मिळते, आणि शंखपुष्पी या नावाखाली तर तीन-चार वनस्पती विकल्या जातात. द्रव्यच निश्चित नसेल तर गुणाचा निर्णय कसा व्हावा?

वनस्पतीच्या बाबतीत मोठी चाचणी कशी असते, याचा नमुना अमेरिकेत पाहावयास मिळाला. गिंको या वृक्षाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर खपतो. पंचाहत्तर व त्यापुढील वयाच्या ३,०६९ व्यक्तींना सुमारे सहा वर्षे तो अर्क किंवा तसेच दिसणारे निरौषध द्रव्य देऊन निरीक्षण केले गेले. २००८ साली निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंश टाळण्यात त्याचा उपयोग होत नाही. असा निष्कर्ष ऐकण्याची तयारी ठेवूनच आपल्या द्रव्यांची परीक्षा व्हावयास हवी. आणि हे विसरू नये की अल्झायमरमध्ये आज वापरले जाणारे गॅलंटामाइन हे मूळचे वनस्पतीतूनच मिळालेले आहे. शोध घेणाऱ्याला वनस्पतिसृष्टी रिकाम्या हाती पाठवीतच असते असे नाही. परंतु हजारो लोकांची वर्षानुवर्षे तपासणी करण्यास पैसा लागतो, आणि तो आपल्या देशात या विषयासाठी अल्प आहे.

ज्या कामांस पैसा हवा त्यांचे एक उदाहरण जवळच्या कर्नाटकातील आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुर तालुक्यात पंचेचाळीस व त्यापुढील वयाच्या दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. शेतीवर जगणाऱ्या, अल्पशिक्षित माणसाचा मेंदू वृद्धत्वाकडे कसा जातो, हे त्यातून कळावयाचे आहे. पाश्चात्त्य देशांत शिकलेल्या लोकांसाठी रचलेल्या स्मृतिचाचण्या आपल्याकडील निरक्षर आजीला लावता येत नाहीत; वजाबाकी न येणे हा काही रोग नव्हे. हरियाणातील बल्लभगढ येथे १९९०च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी चाचणी तयार करण्यात आली, तेव्हापासून हा मार्ग खुला झाला.

धावण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध केवळ निधीपुरता आहे काय? २०२४ साली लॅन्सेटच्या आयोगाने चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. त्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, ऐकू व दिसण्यातील दोष, एकटेपणा, डोक्यास इजा यांबरोबर व्यायामाचा अभावही आहे. ही सर्व कारणे दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता वा लांबविता येईल, असा अंदाज आहे. अमेरिकेत १२० वृद्धांच्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाचा आकार सुमारे दोन टक्के वाढलेला २०११ साली नोंदविला गेला. ही झाली प्रतिबंधाची बाजू. उलट ज्यांना स्मृतिभ्रंश झालेलाच आहे अशा ४९४ रुग्णांना इंग्लंडमध्ये कसून व्यायाम दिला, तेव्हा शरीरबल वाढले पण बुद्धीचा ऱ्हास थांबला नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. आमच्या त्या वृद्ध वैद्यांना फेरफटक्यास नेण्याने ते प्रसन्न होतात म्हणून न्यावे. ते बरे होतील म्हणून नव्हे.

परोपकारासाठी धावणे आपल्याकडे नवीन असले तरी अपरिचित नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, आणि धावपटूने एखादी संस्था निवडून तिच्यासाठी परिचितांकडून देणग्या मिळवावयाच्या ही पद्धत तिने महाराष्ट्रात रुजविली. लंडनमध्ये २०१९ सालच्या मॅरेथॉनसाठी अधिकृत कार्य म्हणून स्मृतिभ्रंश-संशोधनच निवडले गेले होते. बार्बरा विंडसर या लोकप्रिय अभिनेत्रीस हा आजार झाल्याचे तिच्या पतीने आदल्या वर्षी जाहीर केले होते. ते स्वतः आणि तिच्या मालिकेतील सहकलाकार त्या दौडीत धावले. तिचे २०२० साली निधन झाले. आमच्या मते त्या धावण्याहून, आजार न लपविता जाहीर करणे हे अधिक धैर्याचे होते. आपल्याकडे केरळात डॉ. जेकब रॉय यांनी १९९२ साली अल्झायमर रुग्णांसाठी देशव्यापी संस्था स्थापन केली.

आणि आपल्या बारामतीच्या लता करे! पतीच्या तपासण्यांसाठी पैसा नव्हता म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ही साठी ओलांडलेली माउली २०१३ साली ज्येष्ठांच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. पुढे २०२० साली तिच्यावर चित्रपट निघाला व त्यात तिने स्वतःच भूमिका केली. तिची दौड ज्याच्यासाठी होती तो मनुष्य घरात होता. आमची देणगी ज्याच्या उपयोगी पडेल तो मनुष्य कदाचित अजून तरुण आहे आणि त्याचे नाव आम्हांस कधीच कळणार नाही. संशोधनासाठी मागताना हीच अडचण येते. रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी तासगावच्या बाजारपेठेत एका दुपारी पैसे उभे राहतात. संशोधन म्हटले की 'बघू' म्हणतात. बेदाण्याच्या एका अडत्यांना आम्ही ऋषिपंचमीच्या रथोत्सवाचे उदाहरण दिले. श्रीगणपतीचा तो उंच रथ हजारो माणसे दोराने ओढतात, आणि कोणाच्या जोराने तो हलला हे कोणी विचारत नाही. अडत्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "रथ दिसतो तरी, डॉक्टर. तुमचं काय दिसतं?" देणगी त्यांनी दिली, पण प्रश्न रास्त होता.

म्हणून हिशेबाबाबत काही निर्बंध आम्ही स्वतःवर घातले आहेत. प्रवास, निवास, पादत्राणे यांचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. जमा निधीतील एक रुपयाही त्यासाठी वापरावयाचा नाही. रोख रक्कम घ्यावयाची नाही. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाईल व पावती तीच संस्था देईल. दौडीच्या नोंदणीकृत संस्थांपैकी स्मृतिभ्रंशाचे कार्य करणारी व संशोधनाचा स्वतंत्र हिशेब देणारी संस्थाच निवडावयाची आहे. औषधाची चाचणी असेल तर ती नैतिक समितीने मान्य केलेली व भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत आधी नोंदविलेली असली पाहिजे. म्हणजे निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो दडपता येणार नाही. कोणत्याही औषध कंपनीचे नाव आमच्या सदऱ्यांवर असणार नाही. तशी एक सूचना आली होती; आभारपूर्वक नाकारली.

गेल्या रविवारी चौदा किलोमीटर झाले. परतताना वृद्ध वैद्यांकडे गेलो. घामेजलेल्या आम्हांस पाहून त्यांनी हात पुढे केला, एकाची नाडी धरली, बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "फार धावलास. आज दूध-तूप घे." कोण, कोठून आला, हे त्यांस उमगले नव्हते. सूनबाईंनी सर्वांना दूध दिले.

ज्या वैद्यबंधू-भगिनींना आमच्यासमवेत सराव करावयाचा असेल त्यांनी रविवारी पहाटे साडेपाच वाजता तासगावच्या गणपती मंदिरासमोर यावे. चालणाऱ्यांचेही स्वागत आहे. येण्यापूर्वी रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी, आणि अजीर्ण असल्यास घरीच थांबावे.